जखम भरते आणि थांबते

निपाणीत विड्या वळणाऱ्या घरांत दुपारभर कात्रीचा आवाज चालू असतो. पत्र्याचा साचा ठेवून पान कापताना बोटाला कात्री लागली, तर ती बाई चिंधी गुंडाळते आणि पुढचे पान उचलते. काही दिवसांत जखम भरून येते. जखम भरावी यात नवल नाही; भरून झाल्यावर पेशी थांबतात, हे खरे नवल.

जखमेपाशी जमलेल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणिका, वाढीचा संदेश देणारी प्रथिने सोडतात. तो संदेश पेशीच्या आवरणावर पोचला की आतले रास नावाचे प्रथिन जागे होते, हुकूम पुढे पोचवते आणि आपले आपणच शांत होते. 1982 साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत या प्रथिनाच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले आढळले. त्या बदलामुळे प्रथिनाच्या साखळीत बाराव्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे येते, रास शांत होत नाही आणि बाहेरून संदेश येवो न येवो, पेशीला विभागण्याचा हुकूम मिळतच राहतो. अशा बिघडलेल्या जनुकाला ऑन्कोजीन म्हणतात. नाव परके वाटले, तरी मूळ जनुक आपलेच, बोट भरून आणणारे.

हुकूम मिळाला तरी पेशी लगेच विभागत नाही. डीएनएची प्रत काढण्यासाठी लागणारी जनुके आरबी हे प्रथिन दाबून धरते, आणि हा अटकाव कायमचा सुटायला आईकडून व वडिलांकडून आलेल्या त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. लहान मुलांच्या डोळ्यांतील कर्करोगाच्या नोंदी तपासून आल्फ्रेड नडसन यांनी दोन आघातांचा हा तर्क 1971 सालीच मांडला होता.

पी-53 या प्रथिनाचे काम याहून कठोर आहे. डीएनएला इजा झाली की ते विभाजन रोखून दुरुस्तीला अवधी देते, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरण पत्करायला लावते. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत याच प्रथिनाचे जनुक बिघडलेले सापडते.

इथे आपण पुन्हा निपाणीच्या तंबाखूपाशी येतो. विडीच्या धुरातल्या बेन्झोपायरीन या रसायनाचे शरीरात रूपांतर होते आणि ते डीएनएतल्या ग्वानिन या अक्षराला चिकटते. मग प्रत काढताना त्या जागी चुकीचे अक्षर पडू शकते. पी-53 च्या जनुकात ते जिथे अधिक चिकटते, तिथेच धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात वारंवार बदल आढळतात. चघळण्याच्या तंबाखूत धूर नसतो, पण डीएनएला इजा करणारी नायट्रोसामाइन नावाची रसायने असतात, आणि ती गालाच्या अस्तराला रोज तासन्‌तास लागून राहतात.

अशा एखाद्याच बदलाने सहसा कर्करोग होत नाही. पेशींच्या एकाच वंशात अनेक बदल साचावे लागतात आणि त्यात बरीच वर्षे जातात. तंबाखूची चिमूट धरण्याच्या जागी उमटणारा पांढरा चट्टा याच मधल्या काळातला असू शकतो, आणि तो बहुधा दुखत नाही.