टुटा: टोमॅटोच्या पानाआडचा पतंग

गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव. नाशिकच्या या पट्ट्यात टोमॅटोच्या पानावर पांढरं काही दिसलं की आधी तोंडात येतं, "नागअळी आली". बऱ्याचदा ते खरंही असतं. पण हे पान जरा उजेडाकडे धरा. इथे नागमोडी रेघ नाही, फोडासारखा पसरट, पारदर्शक डाग आहे. आत काळी विष्ठा, आणि तपकिरी डोक्याची हिरवट अळी. डोक्यामागे बारीक काळा पट्टा. नागअळी माशीची, तिला असं डोकं दिसत नाही. ही पतंगाची. टुटा.

मूळची दक्षिण अमेरिकेतली. २००६ साली स्पेनमध्ये, २०१४ मध्ये महाराष्ट्रात.

पतंग राखाडी, जेमतेम ६ मिलिमीटरचा. दिवसा पानांआड दडतो. मादी २६० पर्यंत अंडी घालते, एकेक सुटं, बहुधा पानाखाली. अळी निघाली की थेट पानात शिरते: दोन्ही पापुद्रे शाबूत, मधला गर फस्त. एका पानावर तिचं भागत नाही. बाहेर पडून दुसरं पान, शेंडा, नाहीतर देठाजवळून फळ पोखरते. छिद्र टाचणीएवढं, पण त्यातून कूज शिरते आणि फळ क्रेटमधून बाहेर. कोष बहुतेक मातीत, कधी पानातच.

अंडं ते पतंग, २७ अंशाला साधारण २४ दिवस. २० अंशाला ४०, १४ अंशाला ७६. निफाडच्या थंडीत ती मंदावते, ऊन तापलं की पिढीवर पिढी.

फवारा फुकट जातो तो इथेच. अळी पापुद्र्याआड, कोष मातीत. नुसतं स्पर्शजन्य औषध पोचणार कसं? आणि एकच औषध पुन्हापुन्हा मारलं तर तेही चालेनासं होतं. औषधाचा रासायनिक गट बदलत राहा.

मादीच्या गंधाने नराला ओढणारा कामगंध सापळा रोप लावतानाच लावा. पसरट भांड्यात पाणी, त्यावर थोडं तेल; उंची जमिनीपासून फूटभर. पाणी आटू देऊ नका, ल्युर, म्हणजे गंधाची कुपी, महिना-दीड महिन्याने बदला. सापळ्यात नरच येतात, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. मिलनाविनाही काही माद्यांनी अंडी घातल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

पोखरलेली पानं-फळं बांधावर फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा. तोडे संपले की झाडं तारेवर वाळत ठेवायची सवय सर्वांत महाग पडते. ती लगेच उपटा. बांधावरचं कामोणीचं तणही काढा, आणि त्याच रानात पाठोपाठ वांगं किंवा बटाटा घेऊ नका. टुटाला तीही चालतात.