उन्हाला लावलेली वाइन

(दृश्य: मदेरा बेटावरच्या फुंशाल शहरातलं जुनं कोठार. कौलांखाली तुळयांवर ओळीनं मांडलेली लाकडी पिंपं.)

निवेदन:
वाइन ऊन, हवा आणि हेलकाव्यांपासून जपावी, असं कुणीही जाणकार सांगेल. मदेराच्या लोकांनी मात्र या तिन्हींशी सोयरीक जमवली.

लिस्बनच्या नैर्ऋत्येला जवळजवळ १००० किलोमीटरवर, भर अटलांटिकात हे पोर्तुगीज बेट आहे; इथल्या वाइनलाही मदेराच म्हणतात. ज्वालामुखीतून वर आलेला काळा खडक, आणि डोंगर थेट समुद्रात उतरलेला. सपाट जमीन जवळपास नाहीच, म्हणून दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेतं केलेली. पाणी उत्तरेच्या ओल्या डोंगरांतून पाटांनी आणायचं. द्राक्षवेल बुटक्या मांडवावर चढवतात. तोडणीच्या दिवसांत माणसं त्या मांडवाखाली कमरेत वाकून घड कापत असतात, कारण अशा उतारावर यंत्र चालतच नाही.

(दृश्य: बंदर. जुनी नकाशाचित्रं.)

अमेरिकेकडे आणि भारताकडे निघालेली जहाजं इथं थांबत, पाणी भरून घेत आणि वाइनची पिंपंही चढवत. वाटेत नासू नये म्हणून तिच्यात द्राक्षांची दारू मिसळायची पद्धत पडली. जहाजाच्या तळाशी महिनोन्‌महिने उकाडा आणि डुचमळणं. विषुववृत्त ओलांडून पूर्वेकडे जाऊन आलेली पिंपं उघडली, तर वाइन नासणं दूरच, उलट सुधारलेली! मग व्यापारी मुद्दाम तिला फेरी घडवू लागले. अशा वाइनला नावच पडलं ‘विन्यो दा रोदा’, म्हणजे फेरी मारून आलेली. तिचा भाव अर्थातच जास्त. अमेरिकेत तर या वाइनवरून राजकारण पेटलं: १७६८ साली बोस्टनचा व्यापारी जॉन हॅनकॉक याचं ‘लिबर्टी’ हे जहाज मदेराचा जकात चुकवलेला माल उतरवल्याच्या आरोपावरून जप्त झालं आणि बोस्टनमध्ये दंगल उसळली.

आता जहाजाची फेरी कुणी घडवत नाही, ते काम बेटावरच होतं. स्वस्त वाइन पोलादी टाक्यांत सुमारे ४५ ते ५० अंशांवर किमान ३ महिने तापवतात. चांगली वाइन मात्र पिंपात भरून वरच्या मजल्यावर ठेवायची आणि पुढचं काम उन्हावर सोपवायचं. छत तापतं, निवतं, पुन्हा तापतं; पिंपाच्या लाकडातून हवा आत झिरपते आणि वाइन थोडी थोडी उडून जाते. ‘फ्राश्केइरा’ हा शिक्का हवा असेल, तर एकाच साली पिकलेल्या एकाच जातीच्या द्राक्षांची वाइन अशी किमान २० वर्षं लाकडात काढते. किंमत ऐकून दचकण्याआधी हे आठवावं.

(दृश्य: टेबलावर चार ग्लास. फिकट सोनेरीपासून गडद तपकिरीपर्यंत.)

सेर्सियाल, वेर्देल्यो, बोआल, माल्वाझिया या द्राक्षांच्या जाती. याच क्रमानं कोरडीकडून, म्हणजे सर्वांत कमी गोड वाइनकडून, गोडीकडे जायचं. बरेच जण आधी माल्वाझियाकडे हात नेतात, कारण ती गोड. आमचं मत विचाराल तर सुरुवात १० वर्षांच्या वेर्देल्योनं करा. अंगठ्याएवढा ग्लास नको, पांढऱ्या वाइनचा साधा ग्लास घ्या. वाइन किंचित गार असू द्या, बर्फगार नको.

आधी वास. अक्रोड, संत्र्याची साल, करपायच्या बेतात आलेली साखर. आणि त्यामागून मेथी! हा भास नव्हे. मेथीदाण्यांना त्यांचा वास देणारं सोटोलॉन नावाचं द्रव्य जुन्या मदेरातही तयार होतं. युरोपातले चाखणारे या वासाला ‘करी’ म्हणून मोकळे होतात. फोडणीच्या डब्याशी रोजचा संबंध असलेल्या नाकाला नेमकी मेथी सापडते.

आता घोट. गोडी आधी येते, पण ती टेकते न टेकते तोच जिभेच्या कडांना आंबटपणा भिडतो आणि तोंडाला पाणी सुटतं. मदेराचा जीव या आंबटपणात आहे. तो नसता, तर माल्वाझिया नुसता पाक झाली असती. घोट गिळल्यावर बोलू नका, थांबा. चांगल्या मदेराची चव बराच वेळ बदलत राहते आणि शेवटी किंचित खारट वाटून जाते. ती लगेच पुसली गेली, तर ती बाटली सॉससाठी ठेवा.

(दृश्य: बुचाची बाटली, कपाटात उभी.)

उघडलेली साधी रेड वाइन चार दिवसांत उतरते. मदेरा महिनोन्‌महिने टिकते. ऊन आणि हवा दोन्ही आधीच खाऊन झालेली असल्यामुळे तिचं आणखी बिघडायचं काही उरलेलं नसतं. बाटली मात्र उभी ठेवायची, कारण आडवी ठेवली तर आम्ल आणि दारू बूच खाते. घरात वाइन पिणारं एकच माणूस असेल, तर त्यानं दुसऱ्या कुठल्या बाटलीच्या नादी लागूच नये.