मुरमाची खदान आणि गावाचा रस्ता

[दृश्य: काळ्या शिवारातला पांदण रस्ता. दोन्ही बाजूला कपाशी, मध्ये ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या.]

जुलैत विदर्भातल्या पांदण रस्त्यावर उभं राहिलं की पायाखालची काळी माती काय करते ते दिसतं. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या मातीवर थेट गिट्टी अंथरली तर पहिल्याच पावसात ती खाली रुतून जाते. म्हणून मध्ये मुरमाचा दाबलेला थर लागतोच. तो मुरूम कुठला, किती आणि कोणाच्या परवानगीने, हे ग्रामपंचायतीने दिवाळी झाली की ठरवायला घ्यावं. मार्चअखेरच्या घाईत केलेला अर्ज मे महिन्यात मंजूर होतो. मृगाच्या तोंडावर टाकलेला मुरूम मग दबाई न होताच चिखलात जातो.

मुरूम सगळीकडे सारखा मिळत नाही. यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या माळांवर काळा पाषाण झिजून झालेला पिवळसर मुरूम हाताशी असतो. पूर्वेला भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे खडकच वेगळा, तिथे लाल जांभ्याचा मुरूमही सापडतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मात्र खोल गाळच गाळ आहे. तिथल्या गावांना मुरूम दुरून आणावा लागतो आणि खर्चाचा मोठा वाटा वाहतुकीतच जातो.

[दृश्य: खड्ड्यातून काढलेला मूठभर मुरूम. चाळणी, पाण्याचा तांब्या, गुळगुळीत फरशी.]

अर्ज करण्याआधी मुरूम तपासा. वरची माती सोडून मीटरभर खालचा नमुना घ्या आणि पीठ चाळायच्या बारीक चाळणीतून काढा. खाली पडलेली पूड पाण्यात मळून फरशीवर वळा. तीन मिलिमीटर जाडीची वळी न तुटता लांबच लांब होत गेली, तर त्यात चिकणमाती जास्त आहे. असा मुरूम उन्हाळ्यात घट्ट दिसतो आणि पावसात घसरडा होतो. वळी वळलीच जात नसेल तर पकड कमी, तो मुरूम उन्हाळ्यात धूळ होऊन उडून जाईल. ही झाली घरगुती पारख. पक्क्या रस्त्याच्या खालच्या थरासाठी प्रयोगशाळेचा दाखला घ्यावाच लागतो. त्यात द्रवता मर्यादा (किती टक्के ओलाव्यावर माती पातळ होऊन वाहू लागते) 25 पेक्षा आणि सुघट्यता निर्देशांक (माती मळण्याजोगी राहते तो ओलाव्याचा पल्ला) 6 पेक्षा जास्त नसावा.

आता हिशेब. सगळ्यात जास्त कामं इथेच अडतात.

एक किलोमीटर लांब, तीन मीटर रुंद रस्ता आणि दाबून पंधरा सेंटिमीटर थर, म्हणजे 450 घनमीटर. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. भागाकार केला की 159 ब्रास येतात आणि तेवढाच आकडा अर्जात लिहिला जातो. पण अंदाजपत्रकातला आकडा दाबलेल्या थराचा आहे, तर वाहतूक पास निघतो तो ट्रॉलीत सैल भरलेल्या मुरमाचा. दबाईत मुरूम बसतो, म्हणून सैल माप साधारण 1.3 पट धरावं लागतं. ते झालं 585 घनमीटर, जवळपास 207 ब्रास. 159 ब्रासचा परवाना घेतला तर पाऊण किलोमीटरच्या पुढे थोडं गेलं की पास संपतात. रोलर उभा, मजूर उभे आणि कंत्राटदार बिनपासाचा मुरूम शोधायला लागतो. गुन्हा इथून सुरू होतो, आणि त्याचं मूळ अर्जातल्या एका चुकलेल्या आकड्यात असतं.

स्वामित्वधन, म्हणजे खनिजापोटी सरकारला भरायची रॉयल्टी, 1 जुलै 2021 पासून ब्रासला 600 रुपये झालं. त्या दराने 207 ब्रासचे 1,24,200 रुपये होतात, वर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे (खाणबाधित भागांसाठीचा निधी) त्या रकमेच्या 10 टक्के. ही रक्कम अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा.

[दृश्य: तलाठ्याच्या टेबलावर सातबारा आणि गाव नकाशा.]

परवानगीचा कायदा म्हणजे महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, 2013. अर्जासोबत सातबारा, चतुःसीमा दाखवणारा नकाशा, जमीनमालकाची संमती, ग्रामपंचायतीचा ठराव आणि कामाचा आदेश जोडावा. तलाठी आणि मंडळ अधिकारी जागा पाहून अहवाल देतात. किती ब्रास हवेत, त्यावर अर्ज तहसीलदाराकडे, उपविभागीय अधिकाऱ्याकडे की जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार ते ठरतं.

खरी अडचण जागेची. गावालगतची टेकडी ओसाड दिसते म्हणून ती मोकळी आहे असं धरू नका. वऱ्हाडात ती ई-क्लास (सरकारी गायरान) असू शकते, नागपूरकडे निस्तारपत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांच्या नोंदीत, चराईसाठी राखलेली असू शकते. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत नोंद झुडपी जंगल अशी असेल तर गोष्ट आणखी वेगळी. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच मानली आहे. तिथे वनकायद्याची मंजुरी नसताना महसूल खात्याचा परवाना कामाचा नाही. गडचिरोली, मेळघाटातल्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात पेसा कायद्याप्रमाणे, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याप्रमाणे, ग्रामसभेची शिफारस आधी लागते. ती सभा खरोखर भरली पाहिजे. सह्या फिरवून गोळा केलेला ठराव पुढे टिकत नाही, आणि तो टिकूही नये.

पर्यावरण मंजुरीबाबत जुन्या कागदांवर विसंबू नका. रस्त्यांसारख्या रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढायला मार्च 2020 मध्ये सरसकट सूट दिली होती. 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. रोजगार हमीतले ग्रामरस्ते, गावतळ्यातला गाळ काढणं अशा सामुदायिक कामांची सूट वेगळ्या नोंदीत येते. आपलं काम नेमकं कोणत्या नोंदीत बसतं, ते खनिकर्म कार्यालयाकडून लेखी घ्या.

गिट्टीसाठी मात्र गावाने स्वतःची खदान उघडायच्या भानगडीत पडू नये. सुरुंग आला की खाणकायद्याचे नियम पूर्ण लागू होतात. परवानाधारक क्रशरवरून गिट्टी घ्या आणि प्रत्येक गाडीची पावती बिलाला जोडा.

[दृश्य: खदानीवर मुरूम भरणारा जेसीबी. चालक मोबाइलवरचा पास दाखवतो.]

पासवर गाडीचा नंबर, ठिकाण, परिमाण आणि वेळ असते. नंबर एका ट्रॅक्टरचा आणि मुरूम दुसऱ्यात, किंवा वेळ संपल्यावर गाडी रस्त्यात सापडली, तर ती वाहतूक विनापरवाना ठरते. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली खनिजाच्या बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होतो, गाडीही जप्त होते. ट्रॅक्टर बहुधा गावातल्याच कुणाचा कर्जावर घेतलेला असतो, म्हणून एवढं बजावून सांगायचं.

रस्त्यावर मुरूम पडला की मोठे दगड वेचून काढा, पाणी मारा आणि मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतपत ओल झाली की रोलर फिरवा. साध्या आठ-दहा टनी रोलरने एका वेळी दहा सेंटिमीटरपेक्षा जाड थर नीट दबत नाही, म्हणून पंधराचा थर दोन वेळा टाकून दाबा. मध्यभाग कडेपेक्षा सहा सेंटिमीटर उंच ठेवा. बाजूची नाली नसेल तर वरची सगळी मेहनत पाण्यात जाते.

[दृश्य: पायऱ्या पाडलेली खदान, कडेला वेगळा ठेवलेला काळ्या मातीचा ढीग.]

खदानीत वरची काळी माती आधी बाजूला काढून ठेवा. 207 ब्रासला वीस बाय सोळा मीटरचा, दीड मीटर खोल खड्डा साधारण पुरतो. आणखी खोल जायचं असेल तर मुरमात दीड मीटर उंचीच्या पायऱ्या करा. पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी नको. पायऱ्या करायच्या नसतील तर बाजूला 45 अंशांपेक्षा चढा उतार ठेवू नका. जेसीबीने सरळ उभी कापलेली भिंत आधी आतून पोखरते आणि एका सरीत कोसळते. खाली उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. खोली कुठेही सहा मीटरच्या वर गेली, की सुरुंग नसला तरी उथळ मुरूम खदानीला असलेली खाणकायद्याची सूट संपते.

मोजणी सोपी व्हावी म्हणून खड्ड्यात दोन-तीन ठिकाणी मूळ जमिनीचे खांब न खोदता सोडा. त्यांच्या उंचीवरून किती उचल झाली ते कुणालाही पडताळता येतं. मोजणी संपल्यावरच ते काढा.

जागा तळ्याजोगी असेल तर बुलढाणा पॅटर्नचा विचार करा. तिथे महामार्गाला लागणारा मुरूम तलाव आणि नाले खोल करून काढला, त्यामुळे पाणीसाठाही वाढला. मात्र जनावर उतरून वर येऊ शकेल असा एका बाजूचा उतार आधी काढावा लागतो. तळं करायचं नसेल तर पावसाआधी कडा उतरत्या करा, बाजूला ठेवलेली काळी माती तळाशी पसरवा आणि तारेचं कुंपण घाला. त्याच आठवड्यात तलाठ्याला बोलावून बंद खदानीचा पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवा.