पहिल्या बाकावरचे दोन आवाज

(दृश्य: रात्र. लंडन, वेस्टमिन्स्टर. संसद भवनाच्या आतला बोळ. एक बंद दार.)

रविवार, १३ सप्टेंबर २०१५. रात्र बरीच झाली आहे. ब्रिटिश संसदेतल्या एका दाराआड फोनवर फोन चालू आहेत. बाहेर पत्रकार ताटकळलेत, आणि आतलं बोलणं त्यांच्या कानावर पडतंय. कोणाला कोणतं खातं द्यायचं, कोण नाही म्हणालं, मोठ्या खात्यांवर एकही बाई नाही म्हणून ओरड होतेय, त्यावर तोडगा काय... सकाळ व्हायच्या आत हे सगळं बातमी होऊन बाहेर आलेलं असतं.

मजूर पक्षाचे नवे नेते जेरेमी कॉर्बिन आपली टीम जमवत आहेत. त्याच रात्री ते बाहेर पडतात तेव्हा वाहिनीचा कॅमेरा त्यांच्या मागोमाग चालू लागतो. प्रश्न विचारले जातात. कॉर्बिन एका शब्दाने उत्तर देत नाहीत, समोर बघत नुसते चालत राहतात. नेता होऊन त्यांना अजून दोन दिवसही झालेले नाहीत.

ब्रिटनमध्ये विरोधी पक्षनेता हे नुसतं मानाचं पद नाही. १९३७ च्या कायद्यापासून त्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. तो आपलं छाया मंत्रिमंडळ नेमतो. सरकारात अर्थमंत्री, तर समोरच्या बाकावर छाया अर्थमंत्री. सरकारात आरोग्यमंत्री, तर समोर छाया आरोग्यमंत्री. उद्या सरकार पडलं तर राज्य कोण चालवणार, हे लोकांना आजच दिसावं, असा त्यामागचा विचार. आपल्याकडे विरोधी पक्षनेता असतो, पण ही रीत रुजली नाही. म्हणूनच त्या रात्रीच्या फोनांना एवढं वजन का होतं, ते आधी सांगायला हवं.

(दृश्य: मे २०१५. निवडणुकीची रात्र.)

चार महिने मागे जाऊ. ७ मेच्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या पदरात २३२ जागा पडल्या, हुजूर पक्षाला ३३१. दुसऱ्या दिवशी एड मिलिबँड यांनी राजीनामा दिला. नवा नेता निवडायचा, तर पक्षाचे नियम नुकतेच बदललेले. आता प्रत्येक सदस्याला एक मत, आणि तीन पौंड भरून नाव नोंदवणाऱ्या समर्थकालाही एक मत. फक्त उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर यायला ३५ खासदारांच्या सह्या लागत होत्या.

कॉर्बिन १९८३ पासून इस्लिंग्टन नॉर्थचे खासदार. मंत्रिपद नाही, छाया मंत्रिपदही नाही. १९९७ ते २०१० या काळात, स्वतःच्या पक्षाचं सरकार असताना, चारशेहून जास्त वेळा पक्षादेश मोडून मतदान केलेला माणूस. त्यांना ३६ सह्या मिळाल्या, त्याही मुदत संपायला काही मिनिटं असताना. सही करणाऱ्यांतल्या कित्येकांना ते नेते व्हायला नको होते. चर्चेत सगळ्या बाजू याव्यात, एवढ्यासाठी त्यांनी सही केली होती.

मग जुलै आला. सरकारने कल्याणकारी योजनांना कात्री लावणारं विधेयक आणलं. हंगामी नेत्या हॅरिएट हार्मन यांनी आपल्या खासदारांना तटस्थ राहायला सांगितलं. मजूर पक्षाच्या ४८ खासदारांनी तो आदेश झुगारून विरोधात मत दिलं. नेतेपदाच्या चार उमेदवारांपैकी असं करणारे एकटे कॉर्बिन. माझ्या मते निवडणूक तिथेच फिरली. गरिबाच्या ताटातलं काढून घेणाऱ्या विधेयकावर आपला पक्ष गप्प बसतो, हे सदस्यांना सहन झालं नाही.

१२ सप्टेंबरला निकाल लागला. कॉर्बिन यांना पहिल्याच फेरीत ५९.५ टक्के मतं, दोन लाख ५१ हजारांहून जास्त. बाकी तिघांची मतं एकत्र केली तरी त्यांच्या जवळपास जात नव्हती. तीन पौंडवाल्या समर्थकांत तर ८३.८ टक्के.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. बाहेर अडीच लाख मतं. आत, त्यांच्या मागे बसणाऱ्या २३२ खासदारांत मनापासून त्यांना नेता मानणारे मूठभर. टीम मात्र या खासदारांतूनच उभी करायची होती.

(दृश्य: नावांची यादी पडद्यावर येत जाते.)

विजयाचं भाषण चालू असतानाच एका छाया मंत्र्याचा राजीनामा ट्विटरवर आला. इव्हेट कूपर, लिझ केंडल, चुका उमुना, ट्रिस्ट्रम हंट यांनी पहिल्या बाकाकडे, म्हणजे छाया मंत्रिमंडळाकडे, पाठ फिरवली. हे मला पटत नाही. धोरण ठरायच्या आधीच खोलीतून उठून गेलात, तर धोरणावर तुमचा हात कसा राहणार?

जे थांबले त्यांच्यात मात्र बरीच विविधता होती. अँडी बर्नहॅम नेतेपदाला हरले होते, त्यांना गृहखातं. परराष्ट्र खात्यावर हिलरी बेन कायम. आरोग्य हेडी अलेक्झांडर यांच्याकडे, संरक्षण मारिया ईगल यांच्याकडे. लुसियाना बर्जर यांच्यासाठी मानसिक आरोग्याचं वेगळं पद तयार केलं. सरकारी बाजूला त्या तोडीचं पदच नव्हतं. एकतीस जणांत १६ स्त्रिया. छाया मंत्रिमंडळात स्त्रिया निम्म्याहून जास्त, हे पहिल्यांदाच घडत होतं.

तरी सकाळी गदारोळ झाला तो दोन गोष्टींवरून. एक, जॉन मॅक्डॉनेल. कॉर्बिन यांचे जुने साथीदार, पक्षाच्या अगदी डाव्या टोकाचे, त्यांना छाया अर्थमंत्री केलं होतं. दुसरी गोष्ट, अर्थ, परराष्ट्र आणि गृह या तिन्ही खात्यांवर पुरुष. नेता पुरुष, उपनेता पुरुष. मग अँजेला ईगल यांना छाया प्रथम मंत्री केलं गेलं, म्हणजे पंतप्रधान नसतील त्या दिवशी विरोधकांची बाजू त्या मांडणार. कॉर्बिन यांचं म्हणणं असं होतं की, हीच तीन खाती मोठी आणि मुलांना शिकवणारं, आजाऱ्याला बरं करणारं खातं लहान, ही उतरंडच जुनी झाली आहे. मुद्दा खरा आहे. पण तो फोनाफोनीच्या आधी मांडला असता तर धोरण वाटलं असतं. टीकेनंतर मांडल्यामुळे ती सारवासारव वाटली.

मंगळवारी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये ‘बॅटल ऑफ ब्रिटन’च्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढाईच्या, पंचाहत्तरीची प्रार्थना होती. राष्ट्रगीत चालू असताना कॉर्बिन ओठ मिटून उभे राहिले. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी पानोपानी छापून आलं.

(दृश्य: कॉमन्स, संसदेचं कनिष्ठ सभागृह. बुधवार, १६ सप्टेंबर.)

आणि मग हा बुधवार. पंतप्रधानांना प्रश्न विचारण्याची पहिली वेळ. दर आठवड्याला या अर्ध्या तासात सभागृहात आरडाओरडा असतो. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न. कॉर्बिन यांनी लोकांनाच विचारलं होतं, तुमच्या वतीने मी काय विचारू? चाळीस हजारांहून जास्त ईमेल आले.

ते कागद घेऊन उभे राहतात. प्रश्न विचारणाऱ्या सामान्य माणसाचं पहिलं नाव सांगतात, आणि त्याचा प्रश्न जसाच्या तसा वाचतात. दोन प्रश्न घरं आणि घरभाड्यावर. दोन टॅक्स क्रेडिटवर, म्हणजे कमी पगारावर राबणाऱ्या कुटुंबांना सरकारकडून मिळणाऱ्या मदतीवर. दोन मानसिक आरोग्यसेवेवर. सभागृह शांत ऐकतं. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरूनही टोमणे बाजूला ठेवून उत्तरं देतात.

मी हे चित्रीकरण पुष्कळदा पाहिलं आहे. यात वक्तृत्व नाही, खटका नाही, उत्तर मिळाल्यावर पंतप्रधानांना पकडणारा उलटप्रश्नही नाही. पण घरभाड्याने पिचलेल्या एका बाईचा प्रश्न, नेते जिथे उभं राहून बोलतात त्या लाकडी पेटीपाशी, तिच्याच शब्दांत, देशाच्या पंतप्रधानाला विचारला गेला. नव्या नेत्याच्या धोरणांवर वाद घालायचा होता, तर तो इथून सुरू व्हायला हवा होता.

त्यातल्या टॅक्स क्रेडिटचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. सरकारला त्यात कपात करायची होती. २६ ऑक्टोबरला लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाने ती अडवली. दोन दिवसांनी कॉर्बिन यांनी आपले सहाही प्रश्न एकाच गोष्टीवर खर्च केले: या कपातीने कोणाचंही नुकसान होणार नाही, याची हमी पंतप्रधान देतील का? सहा वेळा विचारलं, सहा वेळा हमी मिळाली नाही. अखेर २५ नोव्हेंबरला अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी वर्षाला ४.४ अब्ज पौंडांची ती कपात मागे घेतली.

विरोधी पक्षाचा केवढा मोठा विजय! आणि त्याच दुपारी उत्तर द्यायला उठलेल्या मॅक्डॉनेल यांनी खिशातून माओच्या वचनांचं छोटं लाल पुस्तक काढलं, त्यातलं एक वचन वाचलं आणि ते ऑस्बर्न यांच्याकडे टाकलं. सरकार देशाची मालमत्ता चीनला विकतंय, ही टीका त्यांना करायची होती. दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी होतं ते लाल पुस्तक. टॅक्स क्रेडिट वाचलेली लाखो कुटुंबं बातमीच्या तळाशी गेली.

रेल्वेचंही असंच झालं. खासगी कंपन्यांचे करार संपतील तसतसे एकेक मार्ग पुन्हा सार्वजनिक मालकीत आणायचे, यावर टीमचं पहिल्या आठवड्यातच एकमत झालं. बहुसंख्य ब्रिटिश लोकांना ते हवंच होतं, हुजूर पक्षाच्या कित्येक मतदारांनाही. एकमत होतं म्हणून त्यात बातमी नव्हती.

बातमी होती ती अण्वस्त्रांत.

(दृश्य: पाणबुडी. स्कॉटलंडचा किनारा.)

ट्रायडंट म्हणजे ब्रिटनच्या चार पाणबुड्यांवरची अण्वस्त्रं. जुन्या झालेल्या पाणबुड्यांच्या जागी नव्या आणायच्या का, हा प्रश्न होता. पक्षाचं अधिकृत धोरण ‘हो’. कॉर्बिन यांचा आयुष्यभराचा विरोध. सप्टेंबरच्या शेवटी ब्रायटनला पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा प्रतिनिधींनी या विषयावर चर्चाच घ्यायची नाही असं मतदानाने ठरवलं. तीन दिवसांनी कॉर्बिन यांनी रेडिओवर सांगून टाकलं की, मी पंतप्रधान झालो तर अण्वस्त्र कधीच वापरणार नाही. ज्यांच्याकडे संरक्षण खातं होतं त्या मारिया ईगल यांनी त्याच दिवशी उघडपणे नाराजी व्यक्त केली.

अण्वस्त्राचं बटण दाबणार नाही असं म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण तो टीमचा नेताही होता. आपल्या संरक्षणाच्या प्रवक्तीला विश्वासात न घेता धोरण रेडिओवर ठरत असेल, तर तिला ते पद दिलं कशाला?

(दृश्य: कॉमन्स. २ डिसेंबर २०१५. बाहेर काळोख.)

पॅरिसवरच्या हल्ल्यांना तीन आठवडेही झाले नव्हते. सीरियात आयसिसवर ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकावेत का, यावर दहा तासांहून जास्त चर्चा झाली. छाया मंत्रिमंडळ उभं फाटलेलं. कॉर्बिन यांना पक्षादेश काढता आला नाही, प्रत्येकाला मताची मोकळीक द्यावी लागली.

विरोधी पक्षाच्या वतीने सुरुवात त्यांनी केली. बॉम्बहल्ल्याला विरोध. रात्री विरोधी पक्षाच्या वतीने समारोप करायला उठले छाया परराष्ट्रमंत्री हिलरी बेन. तीच पेटी, तोच पक्ष, बाजू उलटी. फॅसिझमला तोंड देण्याचा आपल्या पक्षाचा वारसा त्यांनी सांगितला, आणि हल्ल्याच्या बाजूने मत द्या म्हणाले. कॉर्बिन शेजारीच बसले होते. बेन खाली बसले तेव्हा सभागृहात टाळ्या वाजल्या. कॉमन्समध्ये टाळ्या वाजवायची रीत नाही, आणि त्यातल्या पुष्कळ समोरच्या, सरकारी बाकांवरून आल्या होत्या.

३९७ विरुद्ध २२३. मजूर पक्षाचे ६६ खासदार सरकारसोबत गेले. काही तासांत सायप्रसमधल्या अक्रोतिरीच्या तळावरून विमानं उडाली.

यानंतरचं भराभर सांगतो. जानेवारीत फेरबदल, तोही तीस तासांहून जास्त चाललेला. मारिया ईगल यांना संरक्षणावरून हलवलं, बेन राहिले. जूनमध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. २६ जूनच्या पहाटे बेन यांना काढलं. सकाळी हेडी अलेक्झांडर यांचा राजीनामा, मग दिवसभर एकापाठोपाठ एक. २८ जूनला खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी नेत्यावर अविश्वास दाखवला. कॉर्बिन हटले नाहीत. नेतेपदासाठी पुन्हा निवडणूक झाली, समोर ओवेन स्मिथ, याच टीममधले. २४ सप्टेंबर २०१६ ला सदस्यांनी कॉर्बिन यांना ६१.८ टक्के मतं दिली, आधीपेक्षा जास्त.

(दृश्य: मे २०१७. ब्रॅडफर्ड. जाहीरनाम्याचं प्रकाशन.)

आठ महिन्यांनी मध्यावधी निवडणूक लागली आणि पक्षाचा जाहीरनामा आला. रेल्वे सार्वजनिक मालकीत, विद्यापीठांची फी माफ, भाडेकरूंना संरक्षण. पहिल्या बुधवारी ईमेलमधून आलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात सापडतात. मजूर पक्षाला ४० टक्के मतं आणि २६२ जागा मिळाल्या; सत्ता आली नाही, पण पंतप्रधान थेरेसा मे यांचं बहुमत गेलं. हिलरी बेन तेव्हा मागच्या बाकांवर होते. अँडी बर्नहॅम संसद सोडून ग्रेटर मँचेस्टरचे महापौर झाले होते.

त्या जाहीरनाम्यात संरक्षणाचंही प्रकरण आहे. ट्रायडंटच्या नूतनीकरणाला मजूर पक्षाचा पाठिंबा आहे, असं तिथे छापलेलं आहे. मारिया ईगल पहिल्यापासून तेच म्हणत होत्या.