छातीचे माप

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, ज्याला नाशिककर आजही गोल्फ क्लब म्हणूनच ओळखतात, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले सोळाशे मीटरची धाव संपवून धापा टाकत उभी आहेत. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून आलेली ही मुले शहरात तिघे-चौघे मिळून एक खोली घेऊन राहतात. त्यांतील एकाने अंगातला टी-शर्ट काढला आहे आणि एक मित्र त्याच्या छातीभोवती शिंप्याची टेप धरतो आहे. टेप पाठीमागे खाली घसरली नाही ना, हे पाहण्यासाठी दुसरा मित्र वाकला आहे. मुलगा श्वास सोडतो, तेव्हा आकडा ७८ येतो.

पोलीस शिपाई पदाच्या पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर असावी लागते. छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर त्यात निदान ५ सेंटिमीटरची भर पडावी लागते. एका सेंटिमीटरसाठी घरी परतावे लागणे क्रूरच आहे, परंतु या मोजणीला शेवट आहे. ७९ भरले की विषय संपतो. ९० भरणाऱ्याला त्याबद्दल जादा गुण मिळत नाहीत.

व्यायामशाळेतील आरशासमोर मात्र अशी रेषा कोणी आखलेली नसते.

सातपूरच्या एका कारखान्यात काम करणारा २७ वर्षांचा तरुण चेहरा न दाखवण्याच्या अटीवर आमच्याशी बोलला. शाळेत त्याला ‘काडी पैलवान’ म्हणत असत. आज त्याचे वजन ८४ किलो आहे, दंडावर शर्टाची बाही ताठ बसते, आणि तरीही आरशात आपल्याला तोच शाळकरी मुलगा दिसतो, असे तो सांगतो. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हळदीला तो बनियन घालून बसला. सर्दी झाली आहे, असे त्याने मावश्यांना सांगितले होते. लग्नाच्या पंगतीतही उकडलेल्या अंड्यांचा डबा त्याच्या पाटाशेजारी होता, ही गोष्ट त्याची पत्नी हसत हसत सांगते. तो मात्र हसत नाही.

पिळदार शरीर असूनही आपण किरकोळ आहोत, या विचाराने माणूस पछाडला जातो, त्या अवस्थेला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९९७ मध्ये ‘मसल डिसमॉर्फिया’ असे नाव दिले, आणि २०१३ पासून त्यांच्या निदानपुस्तिकेत तिची नोंद स्वतःच्या रूपाविषयीच्या विकृत धारणेचा एक प्रकार म्हणून केली जाते. व्यायामाची आवड म्हणजे हा विकार नव्हे. व्यायाम चुकला म्हणून नातलगाचे लग्न टाळावेसे वाटू लागले, तर मात्र विचारपूस करायला हवी.

याच अस्वस्थतेतून काही जण ‘सायकल’कडे, म्हणजे स्टेरॉइडच्या इंजेक्शनांकडे वळतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक अशा इंजेक्शनांतून बाहेरून मिळू लागले की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश मंदावतो, वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात. शिवाय त्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरातच इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात बदलतो आणि छातीवर स्तनांसारखा फुगवटा येऊ शकतो. ज्या छातीसाठी हा खटाटोप केला, तीच मग सैल शर्टाखाली लपवावी लागते. असाच फुगवटा वयात येताना पुष्कळ मुलांना कोणत्याही औषधाविना येतो आणि बहुतेकांचा तो सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतो. पण हे सातवी-आठवीतल्या मुलाला कोणी सांगत नाही, आणि तो पोहायला जाणेच बंद करतो.

ढेरपोट्या, टकल्या, लुकड्या ही आपल्याकडे शिवी नसून लाडाची हाक समजली जाते. ती ऐकून पुरुषाने हसावे, अशी अपेक्षा असते, आणि तो हसला नाही तर ‘एवढं काय लागलं तुला?’ हा दुसरा टोला तयार असतो. जुन्या तालमींत आरसे नव्हते म्हणून तेथे सारे आलबेल होते, असे आम्ही म्हणणार नाही. लाल मातीतही किडकिडीत पोराची टिंगल होतच असे. मात्र त्याला निदान कुस्ती मारून उत्तर देता येत असे.

सातपूरचा तो तरुण गेल्या पावसाळ्यात आजोबांच्या दशक्रियेसाठी रामकुंडावर आला होता. धोतर नेसून, उघड्या अंगाने तो तासभर घाटावर बसला. शेजारी सुटलेल्या पोटांचे काका होते, बरगड्या मोजता येतील असे एक वृद्ध गृहस्थ होते, पाठीवर शस्त्रक्रियेचा लांब व्रण असलेला एक चुलतभाऊ होता. आपण उघडे आहोत, हे त्याला ओला शर्ट अंगात घालताना आठवले.

टेप त्याच्या कपाटात अजून आहे. पूर्वी तो रोज सकाळी दंड मोजत असे. आता रविवारी मोजतो.