ड्रॅगनची झुंज कोणी मोडली?

नमस्कार, श्रोतेहो. थीम पार्कच्या शौकिनांमधलं एक भांडण वर्षानुवर्षं मिटत नाही. एक गट म्हणतो, पार्कवाल्यांनी आपल्या डोक्यातून गोष्ट काढावी आणि तिच्यावर राईड बांधावी. दुसरा म्हणतो, एवढा खटाटोप कशाला? लोक ज्या सिनेमावर आधीच जीव टाकतात, त्याचंच गाव उभं करा की! आज या भांडणातली एकच केस घेऊ. अमेरिकेतलं ऑरलँडो शहर, तिथलं आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर हे पार्क आणि तिथले दोन ड्रॅगन.

पार्क उघडलं 1999 साली. त्यात ड्युएलिंग ड्रॅगन्स नावाची जोडराईड होती. एक ड्रॅगन आगीचा, एक बर्फाचा. दोन रोलर कोस्टर, दोघांचे रूळ स्वतंत्र, पण वेणीसारखे एकमेकांत गुंफलेले. बांधणारी कंपनी स्विस, बोलिगर अँड माबिलार्ड. खोपोलीच्या इमॅजिकामध्ये नायट्रोत बसला असाल, तर याच कंपनीच्या हातचं काम तुम्ही अनुभवलंय. फरक एवढाच, की नायट्रोचा रूळ खाली असतो. ड्रॅगनचा डोक्यावर होता. गाडी रुळाखाली टांगलेली आणि पाय हवेत लोंबकळते.

गंमत त्या लोंबकळत्या पायांतच होती. दोन्ही गाड्या साधारण 38 मीटरवरून सुटायच्या, आणि वाटेत तीन ठिकाणी अशा समोरासमोर यायच्या की आता पायाला पाय लागणार! मधलं अंतर जेमतेम एक-दीड फूट. धडक होण्याचा प्रश्न नव्हता, हे लक्षात घ्या. रूळ कुठेच एकमेकांना छेदत नव्हते. पण डोक्याला पटतं ते पायांना पटत नाही. माणसं पाय पोटाशी ओढून घ्यायची.

आता ही गाठ घालायची कशी? जत्रेतला पाळणेवाला आठवा. तो एका बाजूचे पाळणे भरून दुसरी बाजू रिकामी ठेवत नाही. चार इकडे बसवले की चार समोर बसवतो, वजन सांभाळतो. इथेही मामला वजनाचाच. एका गाडीत माणसं 32. कधी एका गाडीत सगळे धष्टपुष्ट, तर दुसरीत निम्म्या जागा रिकाम्या. भरलेली गाडी हवेला आणि घर्षणाला कमी दाद देते, म्हणून जास्त वेगाने जाते. पुन्हा दोन्ही वाटा वेगळ्या, वेगही वेगळे. आगीचा ड्रॅगन ताशी 97 किलोमीटरपर्यंत, बर्फाचा 88 पर्यंत. म्हणून संगणक दोन्ही गाड्यांचं वजन घ्यायचा आणि कोणती किती मागेपुढे सोडायची ते ठरवायचा. ताशी 80 च्या वेगात अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे गाडी 11 मीटर मागे. म्हणजे झुंज हुकली, रिकाम्या हवेला लाथ. वजन घ्या, वेळ ठरवा, मग सोडा. सगळी जादू एवढीच.

पुढे 18 जून 2010 ला त्याच जागी हॅरी पॉटरचं जग उघडलं. बर्फाच्छादित हॉग्समीड गाव, हॉगवर्ट्सचा किल्ला. ड्रॅगन त्या गावाच्या हद्दीत गेले. रूळ तेच, गाड्या त्याच, पण नाव झालं ड्रॅगन चॅलेंज, आणि मूळ गोष्ट पुसली गेली. शौकिनांनी बोटं मोडली. (किल्ल्यातल्या राईडबद्दलही माझी एक तक्रार आहे. यंत्राचा हात माणसाला काय सुरेख झुलवतो, आणि मग समोर पडदा आणून ठेवतात! पडदा बघायला घराजवळचं थिएटर काय वाईट आहे? असो.)

त्यानंतर वर्षभराने, 2011 च्या उन्हाळ्यात, या राईडवर सुट्या वस्तू लागून प्रवासी जखमी झाल्याच्या दोन घटना घडल्या. त्यातल्या एकाच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. हिशेब करा. दोन गाड्या ताशी 80 ने समोरासमोर आल्या, तर एकीतून निसटलेलं नाणं दुसरीतल्या माणसाला ताशी 160 ने लागतं. शोएब अख्तरचा सगळ्यात वेगवान चेंडू 161.3 चा होता, आणि त्याच्यासमोर फलंदाज हेल्मेट घालून उभा असायचा. इथे माणूस खांद्यावरच्या कमानीत जखडलेला, मान वळवायलाही जागा नाही. एकटी गाडी धावत असती, तर तेच नाणं खाली गवतात पडलं असतं.

पार्कने गाड्या एकत्र सोडणं बंद केलं ते कायमचं. पुढची सहा वर्षं दोन ड्रॅगन आळीपाळीने धावत राहिले, म्हणजे कुस्तीच्या फडात एकेक पैलवान येऊन नमस्कार करून जावा तसे. सप्टेंबर 2017 मध्ये दोन्ही उतरवले.

म्हणून म्हणतो, ‘सिनेमाने ड्रॅगन खाल्ले’ हे अर्धंच खरं. पुन्हा सांगतो : सिनेमाने गोष्ट खाल्ली, पण झुंज मोडली ती सुट्या वस्तूंनी. नाव बदलल्यावरही वर्षभर गाड्या भिडत होत्याच.

त्या जागी जून 2019 मध्ये हॅग्रिडच्या, म्हणजे हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या एका पात्राच्या, मोटारसायकलची राईड आली. सिनेमावरची आहे आणि पहिल्या दिवशी रांग दहा तासांवर गेली. लांबी दीड किलोमीटर, गाडीला सात वेळा जोराचा रेटा मिळतो, एका टप्प्यात गाडी मागे मागे धावते, आणि एके ठिकाणी रुळाचा तुकडाच गाडीसकट सुमारे पाच मीटर खाली पडतो. मूळ गोष्टीचा कैवारी असूनही मला ही राईड जुन्या ड्रॅगनपेक्षा सरस वाटते. पण एका गाडीत माणसं फक्त 14. ड्रॅगनच्या गाडीत 32. मिनिटाला एक गाडी धरली तर तासाला 840 आणि 1,920. म्हणून इथे सरकत्या पट्ट्यावर चालत चालत माणसं बसवतात, गाडी थांबवत नाहीत. आणि टप्पे इतके, की पुढची गाडी अडली की मागच्या सगळ्या जागच्या जागी उभ्या.

सिनेमाचं नाव लावलं की झालं, असंही नाही हं. दुबईच्या बॉलिवुड पार्क्समध्ये शोले होता, लगान होता. 2016 ला उघडलेलं पार्क 2023 ला बंद झालं. उलट इमॅजिकातल्या पाण्यावरच्या राईडमधला राजासॉरस घ्या. तो कुठल्या सिनेमातला नाही, नर्मदेच्या खोऱ्यात जीवाश्म सापडलेला आपला अस्सल डायनोसॉर. त्याच्या तोंडासमोरून बोट जाते तेव्हा पोरं ओरडतातच ना?

ऑरलँडोला लेकीकडे-मुलाकडे जाणार असाल, तर हॅग्रिडसाठी उंची किमान 122 सेंटिमीटर लागते. नातवंडाची घरीच मोजून घ्या. उन्हाळ्यात दुपारी विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राईड थांबतात, तेव्हा ही सकाळीच उरका. खिसे लॉकरमध्ये रिकामे करा, अगदी नाण्यापर्यंत. आणि हॉगवर्ट्स एक्सप्रेसमध्ये बसायचं तर हे पार्क आणि शेजारचं युनिव्हर्सल स्टुडिओज, अशा दोन्ही पार्कांत जाता येईल असं तिकीट काढा, कारण ती आगगाडी एका पार्कातून सुटते आणि दुसऱ्यात पोचते. परतीलाही तिनेच या. येतानाच्या खिडकीतली दृश्यं वेगळी असतात.