जोजिनच्या आईकडे कोण होतं?

मंडळी, चहा निवायच्या आत संपवतो. गेल्या वर्षीही असंच म्हणालो होतो, ते आठवणाऱ्यांनी कृपया गप्प बसावं.

परवा मराठी वर्गात चीनच्या महाकालव्याचा विषय निघाला. जोजिन हा जपानी भिक्षू १०७२ मध्ये, साठी उलटल्यावर, चीनला गेला आणि कालव्यानं राजधानी काइफंगकडे निघाला. क्योटोत आई होती, ऐंशीच्या पुढची. एका मुलीनं विचारलं, "मग आईकडे कोण होतं?"

घाईनं कालव्यावर परत यावं लागलं.

कालव्याची पातळी बदलते तिथे पूर्वी उतार बांधत आणि बैलांच्या रहाटानं बोटी वर ओढत. तळ फुटायचे, गडबडीत धान्य चोरीला जायचं. ९८४ मध्ये च्याओ वेइयुए या अधिकाऱ्यानं सुमारे ७५ मीटरवर दोन दरवाजे बसवले, म्हणजे आजचं लॉक. बोट मध्ये घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी पुढच्या पातळीला आलं की पुढचा उघडायचा. दोन्ही एकदम उघडले तर वरचा कालवा खाली वाहून जाणार.

हांगचौजवळच्या छांगआनला जोजिननं तीन दरवाजे पाहिले आणि त्याच दिवशी वहीत उतरवले: दोन उघडून बोटी पुढे, मागे आडव्या लाकडांनी बंद, मग तिसरा. पुढचं पात्र पाचेक शाकू, म्हणजे साधारण दीड मीटर, खाली होतं. वरचं पाणी उतरून सपाटी आली, तेव्हाच बोट बाहेर. रोजच्या कामाचा हा बारकावा आपल्याला एका पाहुण्याकडून मिळतो.

आईनंही लिहिलं. मुलगा गेल्याच्या दुःखाच्या तिच्या कविता आजही वाचायला मिळतात. १०७३ मध्ये शिष्य वही घेऊन जपानला परतले. जोजिन परतला नाही, १०८१ मध्ये तिकडेच वारला.

आपणही घरापासून लांब. आपल्या आईकडे कोण, याला आपलं उत्तर तयार असतं: दादा-वहिनी आहेत, शेजारी चांगले आहेत, हॉलमध्ये कॅमेरा बसवलाय. फोन लागला की पहिला प्रश्न मात्र "जेवलीस का?", आणि ती "हो" म्हणाली की आपण सुटलो.

आपल्या मंडळात ढोलपथकाला निधी आहे, मोदकांना स्वतंत्र समिती आहे. रात्री-अपरात्री कुणाला गावी निघावं लागलं तर तिकीट, मुलं, घर कोण बघणार, हा विषय कार्यकारिणीत निघाला होता. तो पुढच्या सभेवर ढकललाय. पुढची सभा कधी, ते अजून ठरायचंय.